माळ्यावरची रेकॉर्ड पहिल्यांदा लावताय? आधी सुई बघा

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चोपडा, शहादा, कुठलंही गाव घ्या, ज्या घरात साठ-सत्तरच्या दशकात कुणी रेल्वेत, शाळेत किंवा गिरणीत नोकरीला होतं किंवा कापसा-केळीचे बरे पैसे हातात आले होते, त्या घराच्या माळ्यावर आजही एखादा रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डचा गठ्ठा निघू शकतो. गेल्या काही वर्षांत अकरावी-बारावीतली पोरंपोरी हे गठ्ठे खाली काढायला लागलीत, आजोबांना विचारतात, आबा हे कसं लावायचं, आणि आबांना वाजवणं आठवतं पण सुई कुठून आणायची, नवीन स्पीकरला कसं जोडायचं हे कुणालाच नीट माहीत नसतं. त्यांच्यासाठीच हे सगळं लिहितोय, जरा लांबेल पण सगळं एका जागी असू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं पहिल्यांदाच सांगतो. पेटी उघडली, वायर लावली, चाक फिरलं, की लगेच जुन्या सुईनं रेकॉर्ड लावून बघायचा मोह होतो. तो आवरा. रेकॉर्ड प्लास्टिकची, सुईचं टोक हिऱ्याचं किंवा नीलमाचं, आणि ते टोक झिजलं की बोथट होत नाही, त्याला धारदार कडा येतात. अशी सुई गाणं वाजवता वाजवता रेकॉर्डवरची गाण्याची बारीक खाच खरवडत जाते आणि जे खरवडलं ते परत येत नाही. पन्नास वर्षं सांभाळलेली रेकॉर्ड एका दुपारी खराब होऊ शकते. म्हणून पैसे थोडे असतील तर पहिला खर्च सुईवर, मग बाकीचं.

हातात काय आलंय ते ओळखा

रेकॉर्ड मुख्य तीन प्रकारच्या भेटतात. मोठी १२ इंची, पातळ, किंचित वाकणारी, ती एलपी. ही मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी चालते, एका बाजूला साधारण २० मिनिटं गाणी. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं ही आणली आणि पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरनं ४५ फेऱ्यांची ७ इंची छोटी काढली. आपल्याकडे त्या छोट्या आकारात ईपी खूप निघाल्या, दोन्ही बाजूंना मिळून बहुतेक चार गाणी, आणि मराठी भावगीतं, नाट्यगीतं, लावण्या, भक्तिगीतं यांचा मोठा खजिना ह्या ईपींमध्येच आहे, त्यामुळे छोटी आहे म्हणून बाजूला टाकू नका. काही छोट्या ३३ वर पण चालतात म्हणून लेबल वाचायची सवय लावा, स्पीड तिथं लिहिलेला असतो.

तिसरी ती जाड, जड, १० इंची, बोटानं टिचकी मारली तर कडक आवाज देणारी. ही ७८ फेऱ्यांची, आणि ही प्लास्टिकची नाहीच, लाखेची आहे, तीच लाख ज्याच्या बांगड्या बनतात. एका बाजूला तीनेक मिनिटांचं एकच गाणं. भारतात ग्रामोफोनचं रेकॉर्डिंग सुरू झालं १९०२ मध्ये कलकत्त्यात, गायिका गौहर जान त्या पहिल्या आवाजांपैकी एक, आणि तिथून पुढे कितीतरी दशकं सगळं संगीत याच प्रकारात निघालं. साठच्या दशकात बाकी जगात ७८ बंद पडत आल्या तरी आपल्याकडे निघत होत्या, बीटल्सच्या गाण्यांच्या सुद्धा भारतात ७८ निघाल्या आणि आज जगभरचे संग्राहक त्या शोधतात. म्हणजे भंगारवाल्याला वजनावर देऊ नका, एवढंच. आणि हातातून पडली तर ती काचेसारखी फुटते, दोन्ही हातांनी धरा.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, ७८ ची खाच रुंद असते आणि एलपीची खूप बारीक. ७८ ला साधारण ३ मिल म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट एवढ्या टोकाची सुई लागते, एलपी-ईपीला १ मिलच्या आतबाहेरची. एलपीच्या सुईनं ७८ लावली तर सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, नुसती खरखर ऐकू येते. ७८ च्या सुईनं एलपी लावली तर एलपी गेली. जुन्या प्लेअरच्या आर्मच्या म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या टोकाला बऱ्याचदा छोटी दांडी असते, ती फिरवली की एका बाजूला एलपीची सुई आणि दुसऱ्या बाजूला ७८ ची सुई येते, तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं पण असतं, टॉर्च मारून बघा. आणि घरात चावीचा, भोंग्याचा ग्रामोफोन निघाला तर त्यावर फक्त ७८, दुसरं काही नाही. त्याची स्टीलची पिन एक बाजू वाजली की बदलायची असते, तिचं डिझाईनच तसं आहे, रेकॉर्डच्या ऐवजी पिन झिजावी म्हणून.

जुना प्लेअर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा

माळ्यावर बहुतेक एचएमव्ही किंवा फिलिप्सचा निघतो, एचएमव्हीचा फिएस्टा तर घराघरात होता. अशा प्लेअरला चालू करायच्या आधी वायर बघा, उंदरांनी कुरतडलेली असते, इन्सुलेशन वाळून तडकलेलं असतं. तशीच प्लगमध्ये घालू नका, आधी वायर बदलून घ्या आणि हे काम स्वतः न करता माहीतगार माणसाकडून करून घ्या. रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे जुने मिस्त्री जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात एखाद-दुसरे उरलेत, मोबाईलच्या दुकानांच्या गर्दीत दिसत नाहीत, विचारत जावं लागतं. गावातल्या जुन्या साउंड सर्व्हिसवाल्यांकडे चौकशी करा. लग्नात मांडवाबाहेर कर्णा लावून रेकॉर्डी वाजवायचं काम त्यांनीच केलंय, त्यांना मशीन कळतं, आणि अनेकांकडे जुन्या रेकॉर्डचे पेटारेही पडून असतात.

मिस्त्री काय करेल ते माहीत असू द्या. मोटरच्या बुशमध्ये थेंबभर शिलाई मशीनचं तेल, स्पीड बदलणाऱ्या रबरी चाकाची सफाई, बेल्ट असेल तर नवा बेल्ट, आवाजाचं बटण खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर. रबरी चाक दगडासारखं कडक झालं असेल तर घरघर येतेच, ते बदलावंच लागतं. आणि शेवटी मिस्त्री म्हणतो, "भो, पिन नवी लागीन." लागतेच. आर्मच्या टोकाला सुई बसवलेला जो तुकडा असतो तो कार्ट्रिज, त्यावर नंबर असतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढा, त्या नंबरची सुई ऑनलाइन शोधा. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजच्या सुया अजून बनतात, आणि नीलमाच्या ऐवजी हिऱ्याची मिळाली तर दोन पैसे जास्त देऊन तीच घ्या, चांगल्या हिऱ्याच्या सुईचं आयुष्य ५०० ते १००० तास धरतात, नीलमाची त्यामानानं फारच लवकर संपते.

नवा घ्यायचा तर सुटकेससारखा दिसणारा स्वस्त प्लेअर सगळ्यात आधी समोर येतो, रंगीत, आत स्पीकर, ब्लूटूथ. माझं मत स्पष्ट आहे, पैसे थोडे थांबून साठवा पण हा पहिला घेऊ नका. त्यात बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज असतं, सुईचा दाब कमी-जास्त करता येत नाही आणि तो बऱ्याचदा ४-५ ग्रॅमपर्यंत असतो, चाक लहान म्हणून १२ इंची रेकॉर्ड कडेनं लोंबकळते आणि स्पीकर त्याच पेटीत असल्यानं त्याची थरथर सुईपर्यंत जाते. एखाद-दोन वेळा वाजवल्यानं रेकॉर्ड मरत नाही, पण आजोबांची एकुलती एक रेकॉर्ड रोज त्यावर लावावी असं मला वाटत नाही.

त्याच्या वरची पायरी म्हणजे मॅग्नेट कार्ट्रिजचा साधा टर्नटेबल, म्हणजे स्पीकर बाहेरून जोडायचा प्लेअर. ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६० एक्स हे नाव सगळीकडे ऐकाल, बटण दाबलं की आर्म आपोआप जाऊन बसतो, दाब कंपनीतूनच सेट केलेला, प्रीअॅम्प म्हणजे बारका सिग्नल मोठा करणारा भाग आतच, नवख्या माणसाला सोपा. पण तो ३३ आणि ४५ लाच चालतो, ७८ नाही, म्हणजे घरात ७८ चा गठ्ठा असेल तर तीन स्पीडचा बघा आणि ७८ ची वेगळी सुई मिळते का ते घेण्याआधीच विचारा. परदेशातून कुणी जुना आणून देत असेल तर व्होल्टेज बघा, अमेरिकेतला ११०-१२० व्होल्टवर चालतो आणि आपल्याकडे २३०. बरं नुसता ट्रान्सफॉर्मर लावून पण भागत नाही, कारण तिकडं ६० हर्ट्झ आणि इकडं ५०, काही जुन्या मोटरी त्या हर्ट्झवरच स्पीड धरतात, मग गाणं संथ वाजतं.

ठेवायचा कुठं आणि जोडायचा कसा

जड, न हलणारं टेबल किंवा भिंतीतलं कडप्प्याचं कपाट सगळ्यात बेस्ट. स्पीकर त्याच टेबलावर नको, नाहीतर आवाज वाढवला की घुमायला लागतं. मोबाईलमधलं लेव्हलचं अॅप उघडून फोन थाळीवर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या चाकावर, आडवा-उभा ठेवून बघा, थाळी सपाट नसेल तर प्लेअरच्या पायाखाली पुठ्ठा घाला. कूलरसमोर अजिबात नको. आपल्याकडे मार्च ते जून कूलरशिवाय भागत नाही आणि त्याची दमट हवा सरळ कव्हरवर गेली की बुरशी धरते.

जोडणीत पोरं अडकतात ती इथंच. मॅग्नेट कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल अगदी बारका असतो, काही मिलिव्होल्ट, शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे म्हणजे बेसचे सूर मुद्दाम कमी आणि वरचे जास्त करून कापलेले असतात, नाहीतर बेसच्या मोठ्या लाटांनी खाच एवढी पसरली असती की एलपीवर २० मिनिटं मावलीच नसती. हे परत सरळ करायचं काम फोनो प्रीअॅम्प करतो. तो नसेल आणि टर्नटेबल सरळ होम थिएटरच्या ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज घ्यायच्या साध्या भोकात, लावला तर आवाज येतो पण लांबून, चिरका. तेव्हा टर्नटेबलच्या मागं फोनो-लाइन असं बटण आहे का बघा. असेल तर लाइनवर करा आणि ऑक्समध्ये लावा. नसेल तर वेगळा छोटा प्रीअॅम्प घ्या, किंवा घरात जुना अॅम्प्लिफायर असेल तर त्याच्या मागं फोनो लिहिलेलं भोक शोधा. दोन्ही प्रीअॅम्प एकदम वापरायचे नाहीत, आवाज फाटतो. जुन्या सिरॅमिकवाल्या प्लेअरला मात्र फोनो नको, तो साध्या ऑक्समध्येच बरा चालतो.

टर्नटेबलमधून एक एकटी बारीक वायर निघाली असेल तर ती अर्थिंगची, अॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला लावा. हूं असा सतत आवाज येण्याचं पहिलं कारण ही वायर, आणि आपल्याकडे दुसरं कारण म्हणजे घराचं अर्थिंगच नसणं, जुन्या धाब्याच्या घरांत हे हमखास.

आर्मचा दाब

मागं फिरणारं वजन असेल तर हे करावंच लागतं, आणि घाबरायचं काही नाही. अँटीस्केट म्हणजे आर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून असलेलं बटण शून्यावर, सुईचं झाकण काढलेलं, आर्म मोकळा सोडायचा, आणि मागचं वजन हळूहळू फिरवत आणायचं, जोवर आर्म सराफाच्या तराजूच्या दांडीसारखा हवेत सरळ थांबत नाही. थांबला की आर्म जागेवर अडकवा, वजनावरची आकड्यांची रिंग तेवढी शून्यावर आणा, वजन न हलवता. आता वजन आणि रिंग एकत्र फिरवून कार्ट्रिजला जेवढा दाब लागतो तेवढ्यावर आणा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला २ ग्रॅम, ऑर्टोफॉनच्या २एम रेडला १.८ ग्रॅम, तुमच्या कार्ट्रिजचं कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं. मग अँटीस्केट त्याच आकड्यावर.

दाब कमी ठेवला म्हणजे रेकॉर्ड वाचते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते उलटं आहे, कमी दाबात सुई खाचेत नीट बसत नाही, उड्या मारत भिंतींवर आपटते आणि त्यानं जास्त नुकसान होतं. दिलेल्या रेंजच्या मध्यावर किंवा थोडं वर ठेवा. रिंगवर भरवसा नसेल तर ग्रॅमचे शंभर भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, जळगावात राहत असाल तर सोन्याचं काम करणारा कुणीतरी ओळखीचा निघतोच.

लावायच्या आधी धुवा

माळ्यावरची रेकॉर्ड न धुता लावायची नाही. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बारीक असते, खाचेत जाऊन बसते, आणि सुई ती आणखी आत दाबते. ब्रशनं वरची कोरडी धूळ काढा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचा एक-दोन थेंब घाला, मायक्रोफायबरचं कापड ओलं करून खाचेच्या दिशेनं गोल गोल पुसा, आडवं घासायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरच्या दुसऱ्या कापडानं पुसून भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी करून सावलीत वाळवा. लेबलला पाणी लागू देऊ नका, रंग जातो. डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या दुकानात मिळतं, सीलबंद कॅन घ्या. बोअरचं पाणी वापरलं तर त्यातला क्षार वाळून खाचेतच राहतो आणि तो चरचर वाजतो.

७८ साठी हेच पाणी पण झटपट, भिजत ठेवायची नाही. आणि त्यावर अल्कोहोल, स्पिरिट, सॅनिटायझर कधीच नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. व्हिडिओत दाखवतात ते अल्कोहोलचे उपाय फक्त प्लास्टिकच्या रेकॉर्डसाठी आहेत.

आता लावा

रेकॉर्ड कडेनं आणि मधल्या लेबलवर धरायची, काळ्या भागाला बोट नको. स्पीड तपासा, थाळी चालू करा, कोरडा ब्रश फिरत्या रेकॉर्डवर दोन फेऱ्या हलका धरून उचला. आर्म लिव्हरनं वर करा, बाहेरच्या कडेला गाणं सुरू व्हायच्या आधीची मोकळी जागा असते तिच्यावर आणा, लिव्हर खाली. हातानं टाकू नका. आवाज सुई बसल्यावर वाढवा आणि उचलायच्या आधी कमी करा. बाजू संपली की सुई शेवटच्या खाचेत फिरत राहते, आपोआप न थांबणारा प्लेअर असेल तर तिथं सोडून जेवायला जाऊ नका.

पहिली रेकॉर्ड कुठली लावायची? सगळ्यात आवडती नको, एखादी ओरखडे असलेली, दुसरी प्रत असलेली लावा, आणि दोन्ही स्पीकर वाजतायत का, स, श, च हे आवाज फुटतायत का ते कान देऊन ऐका. सगळं नीट असेल तरच चांगल्या रेकॉर्ड बाहेर काढा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. कुठली कुणाच्या लग्नात आणली, कुठली कुणी दिली, हे कव्हरवर लिहिलेलं नसतं, त्यांना विचारून एका वहीत टिपून ठेवा, हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

काही बिघडलं तर

गाणं संथ किंवा चिरकं वाटतंय? थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा आणि ३३ वर फेऱ्या मोजा, ३ मिनिटांत बरोबर १०० व्हायला हव्यात. कमी झाल्या तर बेल्ट सैल किंवा तेल संपलंय. एकाच बाजूनं आवाज येतोय तर मागच्या लाल-पांढऱ्या पिना अदलाबदल करा, आता दुसरा स्पीकर मुका झाला तर बिघाड प्लेअरच्या बाजूला, आधीचाच मुका राहिला तर स्पीकरच्या. एकाच ठिकाणी सुई अडकते तर आधी ती जागा परत धुवा, बऱ्याचदा तिथं घाण असते, ओरखडा नसतो. आर्मवर नाणं चिकटवायचा जुना उपाय करू नका. बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज थोडा फुटतो तो मात्र रेकॉर्डचा स्वभाव आहे, आत जाल तशी फेरी लहान होते आणि तेवढ्याच वेळाचं गाणं कमी जागेत कोंबावं लागतं. पण पहिल्या गाण्यापासूनच फुटत असेल तर परत सुईकडं या.

आपला उन्हाळा

जळगाव-भुसावळचा मे म्हणजे ४४-४५ अंश, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त, आणि उन्हात उभ्या गाडीत तर विचारूच नका. रेकॉर्डचं प्लास्टिक साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि एकदा कड वाकली की घरी सरळ करता येत नाही, काचांमध्ये दाबून ओव्हनमध्ये ठेवायचे प्रयोग करू नका, खाचच बसते. म्हणून सापडल्या की पहिल्यांदा माळ्यावरून खाली आणा, उत्तरेच्या भिंतीकडची खालची खोली, पश्चिमेची भिंत नको. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, तिरप्या पण नकोत. जमिनीपासून थोडं वर, वाळवी आधी कव्हर खाते. कव्हरच्या आतली जुनी प्लास्टिकची पिशवी चिकट झाली असेल तर काढून टाका, नवी कागदी किंवा पॉलिथिनची घाला, पण छापील जुनी कव्हरं फेकू नका.

आणखी रेकॉर्ड हव्या असतील तर आधी नातेवाईक, मग साउंड सर्व्हिसवाले, मग पुण्याचा जुना बाजार, तो बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि मुंबईचा चोर बाजार. विकत घेताना रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात तिरपी धरा, केसासारख्या बारीक रेषा चालतात, नखाला लागणारा ओरखडा नको, आणि डोळ्यांच्या रेषेत धरून वाकलेली नाही ना ते बघा. आत कव्हरवरचीच रेकॉर्ड आहे का हे पण बघा, अदलाबदल फार होते. परत येताना रेल्वेत पुठ्ठ्याच्या घट्ट खोक्यात उभ्या ठेवून, खिडकीच्या उन्हापासून लांब, पायाशी घ्या. उतरल्यावर रिक्षा मिळेपर्यंत खोकं स्टेशनबाहेर उन्हात ठेवू नका, आणि स्कूटीच्या डिकीत तर मुळीच नाही.